ग्रामसडकेचा खड्डा सरपंचाच्या दारात नेऊ नका

गावाकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: ‘प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे सगळे पैसे दिल्लीहून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतात. डांबर जेमतेम 2 सेंमी टाकतात, बाकीचं खातात. रस्ता झाला की ठेकेदार मोकळा. सरपंचाला जाब विचारा.’ घरातली शिकलीसवरलेली माणसंही हे पुढे ढकलताहेत.

सगळे पैसे दिल्लीचे? डिसेंबर 2000 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा होते. 2015-16 पासून महाराष्ट्रात केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. आणि त्यातला रुपयाही ग्रामपंचायतीच्या खात्यात पडत नाही. निविदा, मोजमाप, बिलं हे सगळं योजनेच्या कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातून चालतं. वित्त आयोगाचा केंद्राचा निधी ग्रामपंचायतीला मिळतो, एवढं खरं. पण तो वेगळा पैसा, वेगळा हिशेब.

2 सेंमीचं म्हणाल, तर हलक्या वाहतुकीच्या रस्त्याला 20 मिमी कार्पेट, म्हणजे डांबरात घोळलेल्या खडीचा वरचा थर, हेच ठरलेलं माप आहे. रस्त्याची ताकद खाली असते: मुरूम-खडीचा पाया, त्यावर दाबलेल्या खडीचे 75-75 मिमीचे थर. पावणेचार मीटर रुंदीच्या 1 किमी रस्त्याचे 3,750 चौरस मीटर होतात. दर 10 चौरस मीटरला 14.6 किलो या हिशेबाने कार्पेटला साडेपाच टनांच्या आसपास डांबर लागतं, सीलकोटचं, म्हणजे वरून छिद्रं बुजवणाऱ्या पातळ थराचं, वेगळं. चोरी शोधायची तर कडेला खड्डा खणून खडीचे थर मोजा. डांबराची पोळी हाताने निघते, त्या व्हिडिओंत मात्र अनेकदा तथ्य असतं, पण त्याचं कारण जाडी नसतं. खालची धूळ झाडलेली नसते, टॅककोट (थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा) मारलेला नसतो किंवा माल थंड झाल्यावर पसरलेला असतो.

‘ठेकेदार मोकळा’ ही थाप सगळ्यात घातक. योजनेच्या निविदेची आदर्श कागदपत्रं उघडून बघा: बांधकाम आणि पुढची 5 वर्षं देखभाल हा एकच करार असतो. खड्डे बुजवणं, साइडपट्ट्या भरणं, गटारं आणि मोऱ्या साफ ठेवणं, झुडपं काढणं, या सगळ्याचे दर ठेकेदाराने आधीच भरलेले असतात. हे पैसे राज्य देतं, अभियंत्याने जागेवर काढलेल्या जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेल्या) फोटोंवर ते निघतात.

मेसेज वाचून लोक सरपंचाच्या दारात जातात आणि तोही वैतागून ट्रॉलीभर मुरूम टाकतो. दोन पावसांत त्याचा चिखल होतो, पण मधल्या काळात फोटोत खड्डा दिसत नाही. ठेकेदाराचं काम ग्रामपंचायतीच्या पैशाने होतं आणि 5 वर्षांचं घड्याळ चालूच राहतं.

म्हणून आधी रस्त्याच्या तोंडाशी असलेला फलक गाठा. ठेकेदाराचं नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची मुदत लिहून घ्या. जवळच्या किलोमीटर दगडासह खड्ड्याचा फोटो काढा. ‘मेरी सडक’ ॲपवर तक्रार टाका आणि कार्यकारी अभियंत्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. काम चालू असेल तर राज्य किंवा राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षकाचा तपासणी अहवाल मागा. मुदत संपत आली असेल तर शेवटच्या पावसाळ्याआधीच मोऱ्या तुंबल्यात का बघा, कारण पाणी साचलं की कडा आधी खचते आणि तोवर करार संपलेला असतो.