खरं हाय!

आमच्या साताऱ्याकडच्या शाळेत 'हाय' म्हटलं की गुरुजी छडी काढायचे. "आहे म्हण, आहे!" पुढे नोकरीने हाँगकाँगला आणून टाकलं, तर इथे अख्खं शहर 'हाय'च्या जवळपास काहीतरी म्हणतंय. कँटोनीजमध्ये 'आहे' आणि 'हो', दोन्हीला 'हइ'. 'खरंच' म्हणजे 'चन हइ'. म्हटलं, निम्मी भाषा तर गावाकडूनच घेऊन आलोय.

पण या भाषेला सूर सहा. 'हइ' आखूड, सपाट आणि खालच्या पट्टीतच काढायचा. लांबवून घसरवला की त्याचा बूट होतो. उत्साहाने थेट वरच्या पट्टीत काढला, तर अशी शिवी होते की इथे लिहिता येणार नाही. त्यामुळे साध्या प्रश्नाला होकार देण्याआधी मी कीर्तनकारासारखा घसा खाकरतो.

एवढ्यात बँकेने पत्त्याचा पुरावा मागितला, तोही तीन महिन्यांच्या आतला. लाइटबिल घरमालकाच्या नावावर. "मग सरकारी केंद्रात जाऊन प्रतिज्ञापत्र करून आणा," बँक म्हणाली. ते काम तिथे फुकट होतं, हे ऐकून आमच्यातला सातारकर लगेच उठला.

कँटोनीज शिकवणाऱ्या बाईंनी मात्र बजावलं, कागदावर 'हइ' चालायचा नाही. गप्पांत 'मोउ छो', म्हणजे चूक नाही, एवढ्यावर भागतं. बातमीत पोलीस दुजोरा देतात तो 'चिंग-सत'. अर्जातली माहिती खरी असते ती 'सुक-सत'. बँक पडताळते ते 'हत-सत'. सगळीकडे आपलं सत्! फक्त शेवटचा 'त' ओठांबाहेर पडू द्यायचा नाही. आणि प्रतिज्ञापत्राच्या शेवटी येतं 'चन कोक मोउ ङो': खरं, अचूक, बिनचूक. (सरकारला एकदा खरं म्हणून कुठे पटतं? आपल्याकडेही 'खरी व बरोबर' लागतंच.)

तो 'ङ' पाहून ऊर भरून आला. पहिलीत घोकलेला आणि 'वाङ्मय' सोडलं तर आयुष्यभर बेकार बसलेला! इथली तरुण पोरं तो गिळून नुसतं 'ओ' म्हणतात. मी खणखणीत 'ङो' म्हटलं.

काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. "इथे सही करा," त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. परदेशी माणसाने कँटोनीज काढली की समोरचा इंग्रजीत शिरतो, हा इथला शिरस्ता आहे.

शिक्का मारलेला कागद घेऊन बँकेत गेलो. तिथल्या मुलाने तो दोनदा वाचला.

"छान. आता हे आम्हाला हत-सत करावं लागेल. लाइटबिल आणलंय?"