तुमचं विमान हे विमान नाहीच!

अमेरिकेत राहता, शनिवार-रविवार मोकळे असतात, डोंगर चढून चढून कंटाळलात आणि आता अल्ट्रालाइट, म्हणजे एका माणसाचं चिमुकलं, हलकंफुलकं विमान, घेऊन ॲरिझोनातून जरा मेक्सिकोत डोकावून यावं म्हणताय? झकास. फक्त मी सांगतो तसं करा.

आधी वजनकाटा आणा. अमेरिकेच्या विमान-नियमांतल्या १९८२च्या ‘पार्ट १०३’प्रमाणे इंजिनवाल्या अल्ट्रालाइटचं रिकामं वजन २५४ पौंडांच्या आत हवं, म्हणजे साधारण ११५ किलो. तुमचं स्वतःचं वजन त्यात धरत नाहीत, तेव्हा श्रीखंड-पुरी बिनधास्त चालू द्या. जिवावर बेतल्यावर उघडायचं पॅराशूटही धरत नाहीत; सरकारची एवढीच काय ती माया. टाकीत ५ गॅलन पेट्रोल, म्हणजे १९ लिटर. स्कूटरच्या तीन-चार टाक्या. वेग ५५ नॉटच्या वर नको, म्हणजे ताशी शंभरेक किलोमीटर. उडायचं दिवसाउजेडी, दाट वस्ती टाळून. आणि सीट एकच. ‘मलाही एक चक्कर मारून आण ना’ म्हणणाऱ्या मेहुण्याला नियमच दाखवा.

एवढं पाळलंत की लायसन्स नको, नोंदणी नको, डॉक्टरचा दाखला नको. कारण सरकारदरबारी ते विमान नाहीच, ‘वाहन’ आहे. आरटीओत चपला झिजवलेल्या माणसाला हे वाचून भरून येईल. येऊ द्या. डोळे पुसा आणि सीमेकडे निघा.

तिथे १९४४चा शिकागो करार, म्हणजे देशोदेशींच्या विमानवाहतुकीचा करार, तुमची वाट बघत बसलाय. देशाबाहेर जाणाऱ्या विमानावर नोंदणीची खूण पाहिजे, आत नोंदणीपत्र पाहिजे, उड्डाणयोग्यतेचा दाखला पाहिजे, वैमानिकाचं लायसन्स पाहिजे. घरी ज्या ज्या कागदातून सुटलात, नेमके तेच कागद वेशीवर मागतात! शिवाय निघण्याआधी किमान तासभर अमेरिकन कस्टम्सला ऑनलाइन कळवायचं. त्या फॉर्मात नोंदणी क्रमांकासाठी जागा असते. तुमच्याकडे क्रमांकच नाही, तेव्हा तिथे ‘श्री’ लिहा. आमचे आजोबा कुठल्याही कोऱ्या कागदावर तेच लिहायचे आणि त्यांचं कधी काही अडलं नाही. परतताना मात्र मोकळं रान दिसलं म्हणून उतरू नका. ठरवून दिलेले विमानतळ आहेत, त्यातला सीमा ओलांडली तिथून जवळचा गाठायचा.

मग रात्री दिवे विझवून, रडारला चुकवत, मेक्सिकोतून इकडे येणारी अल्ट्रालाइटं कुणाची होती? ती कष्टाळू मंडळी वेगळी. गांजाची गाठोडी खाली सोडायची आणि चाक जमिनीला न लावता माघारी फिरायचं. गंमत पुढे आहे. विमानातून तस्करी केली तर जबर शिक्षेचं कलम होतं, पण ते ‘विमाना’ला लागू. यांचं तर ‘वाहन’! तोच माल, तीच सीमा, तेच आभाळ, पण त्या कलमात हे बसेनात. अखेर फेब्रुवारी २०१२मध्ये खास कायदा झाला आणि तस्करीपुरतं अल्ट्रालाइट हे विमान ठरलं. आता २० वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. म्हणजे या बिचाऱ्या वाहनाला विमानाचा मान मिळवून दिला तो तस्करांनी. साध्या हौशी माणसाला तो पेट्रोल जाळून जाळून मिळाला नसता.

एवढं करूनही कागदांचा वीट आला असेल, तर एक जुनी वाट आहे. १९९३ साली बिल लिशमन आणि जो डफ या कॅनडाच्या दोघांनी अल्ट्रालाइटमागून १८ कॅनडा गूज (रानहंस) पक्षी कॅनडातल्या ओंटारियोतून थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत नेले. माणसांनी पुढे उडायचं, पक्ष्यांनी मागे यायचं. पुढच्या वसंतात त्यातले बरेचसे पक्षी आपले आपणच कॅनडात परतले. या खेपेला पुढे कुणी नव्हतं, आणि निघण्याआधी तासभर त्यांनी कुणाला कळवलंही नव्हतं.