दुःखात पश्चात्ताप नेमका कोणी करायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

दुःखातला पश्चात्ताप, ख्रिस्ताच्या येण्याची आशा आणि आनंद या ख्रिस्ती शिकवणीवर तुमचे आक्षेप तीन आहेत. दुःखात बुडालेल्याला पश्चात्ताप करायला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. ख्रिस्ताच्या पुनरागमनाची आशा माणसाला हातावर हात ठेवून बसायला शिकवते. आणि शोक चालू असताना ‘आनंद करा’ म्हणणं हे ढोंग. पहिला सर्वांत वजनदार, तेव्हा जास्त जागा त्यालाच.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात १३:१-५ (अध्याय १३, वचनं १ ते ५) बघा. रोमन सुभेदार पिलाताने मारलेल्या गालील प्रांतातल्या लोकांची बातमी लोक येशूला सांगतात. तो स्वतःहून आणखी एक दुर्घटना जोडतो: यरुशलेमेतल्या शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण. ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का? ‘नाही’, असं तो स्वच्छ सांगतो. पाठोपाठ पश्चात्तापाचं आवाहन येतं, आणि तुम्ही बोट ठेवलंय ते तिथेच. पण ते ऐकतंय कोण? बुरुजाखाली सापडलेले तर गेले. ऐकणारे आहेत ते सुखरूप उभे राहून मेलेल्यांच्या पापाचा हिशेब मांडणारे. मंडळीत (चर्चमध्ये) बरेचदा उलटं होतं: धडधाकट माणूस खाटेपाशी येतो आणि आजाऱ्याला म्हणतो, ‘कुठलं तरी पाप कबूल करायचं राहिलंय.’ बायबलमधल्या ईयोबाची मुलं आणि मालमत्ता गेली तेव्हा त्याच्या मित्रांनी हेच केलं. सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. ईयोबाच्या पुस्तकात ४२:७ मध्ये देवाचा राग त्यांच्यावर आहे. (त्याआधीच्याच वचनात ईयोब पश्चात्ताप करतो, हे खरं. तो आपल्या बोलण्याबद्दल. मुलं आपल्या पापामुळे मेली, असं मात्र तो शेवटपर्यंत कबूल करत नाही.)

मग दुःखी माणसाने काय करायचं? आधी गाऱ्हाणं. स्तोत्र १३ जेमतेम सहा वचनांचं. पहिल्या दोनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. प्रार्थनाही याच क्रमाने करता येते: काय दुखतंय ते नाव घेऊन सांगायचं, काय हवं ते मागायचं, भरवशाचं वाक्य ओठांवर आलं तर म्हणायचं. नाही आलं तर तिथेच थांबायचं. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे. सोबत बसलेला माणूस घोळ घालतो तो इथे. पहिली चार वचनं गाळून तो थेट पाचव्यावर उडी मारतो.

पश्चात्ताप हे निराळं काम. आजारी पडल्याबद्दल, नोकरी गेल्याबद्दल, आपल्यावर अत्याचार झाल्याबद्दल क्षमा मागणं हा पश्चात्ताप नाहीच. त्याला स्वतः केलेलं ठरावीक कृत्य लागतं, नुकसान कोणाचं झालं हे माहीत असावं लागतं आणि शक्य तिथे भरपाई लागते. नियमशास्त्रातल्या लेवीय ६:५ नुसार लुबाडून घेतलेलं सगळं परत, वर एक पंचमांश. म्हणजे शंभराचे एकशेवीस, आणि तेही दोषार्पणाच्याच (अपराधासाठीच्या अर्पणाच्या) दिवशी. येशूला भेटलेला जकातदार जक्कय लुबाडलेल्याच्या चौपट द्यायला निघाला. ‘माझं काही चुकलं असेल तर’ या मोघम प्रार्थनेत ना कृत्य असतं ना देणं, म्हणून दुसऱ्या दिवशी काहीच बदलत नाही. आणि भरपाई दिली म्हणून समोरच्याने लगेच जवळ घ्यावं, ही अट घालता येत नाही.

पुनरागमनाच्या नावाखाली आळस आणि अविचार झालेत, हे नाकारत नाही. विल्यम मिलर या उपदेशकाच्या अमेरिकेतल्या अनुयायांनी पुनरागमनाची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली आणि काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असं सांगणारं मत्तय २४:३६ पुढे असताना! पण याकोबाचं पत्र बघा. ५:७ मधलं ‘प्रभूच्या आगमनापर्यंत धीर धरा’ सगळे ऐकवतात. तीनच वचनं आधी, मालकांनी मजुरांची बुडवलेली मजुरी ओरडते आहे. येणारा न्यायाधीश आहे, आणि धास्ती मजुरी दाबून ठेवणाऱ्याने घ्यायची आहे. मजुराला धीर सांगून मालकाला काहीच न सांगणारा उपदेशक ते पत्र अर्धंच वाचतो.

आनंदाबद्दलही प्रश्न तोच: कोण कोणाला म्हणतंय? ‘सर्वदा आनंद करा’ (फिलिप्पै ४:४) हे बेड्यांत असलेल्या प्रेषित पौलाचं वाक्य आहे. ते दुसऱ्याच्या शोकावर फेकायचं नसतं. तिथे त्याच्याच रोमकरांस पत्रातलं १२:१५ लागू होतं, रडणाऱ्यांबरोबर रडा. १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ सुद्धा आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका म्हणतं, शोकाला बंदी घालत नाही. मेलेला मित्र लाजर याला उठवायचं आहे हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. अंत्यविधीला थेस्सलनीकाकरांसच्या पत्रातला पुनरागमनाचा तो उतारा जरूर वाचा, पण त्याआधी येशूच्या रडण्याचं योहान ११:३५ वाचा, आणि दोन्हींच्या मध्ये लोकांना रडायला वेळ द्या.