बंद कोड नेमका कुठे बसलाय? मोडेमच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सिएरा ईएम७४५५ हा लॅपटॉपातला सिमवाला मोडेम डेबियन लिनक्सवर चालू करण्याच्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही तसंच देतो. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. मोडेमच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारं त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर, बंदच आहे (त्याचा कोड आपल्याला वाचता येत नाही), मग त्याच्याशी बोलणाऱ्या लॅपटॉपवरच्या ‘मुक्त ड्रायव्हर’चं एवढं कौतुक कशाला, हा पहिला. अमेरिकी नियामकामुळे मोडेमच्या रेडिओला बसवलेलं कुलूप उघडायला शिकवणं बेजबाबदारपणाचं आहे, हा दुसरा. वीस वर्षांपूर्वीही लिनक्सवर लॅपटॉपचा मोडेम चालत नव्हता, आजही चालत नाही, त्यापेक्षा फोनचा हॉटस्पॉट लावावा आणि कामाला लागावं, हा तिसरा. शिवाय ऑफिसच्या लॅपटॉपातल्या फिबोकॉमच्या मोडेमवर तुम्ही माझी कृती करून पाहिलीत आणि काहीच झालं नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

वीस वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपात जो ५६केचा डायल-अप मोडेम असायचा, तो बहुतेकदा पूर्ण मोडेम नसायचाच. बोर्डावर टेलिफोन लाइनशी जोडणारा एक छोटा कोडेक असे. आवाजाचे बिट आणि बिटांचा आवाज करायचं सगळं गणित लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर करायचा, म्हणजेच ड्रायव्हर करायचा. म्हणून लोक त्यांना विनमोडेम म्हणत. निर्मात्याचे पैसे वाचायचे, पण मोडेमचा जीव त्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेला आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी. चिपची माहितीपत्रकं मिळत नसत. लिनक्सवाल्यांपुढे दोनच मार्ग होते: सिरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम विकत घ्यायचा, नाहीतर निर्मात्याकडून आलेला बंद कोड थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, घुसवायचा.

दुसरा मार्ग कसा होता, त्याचं एक उदाहरण. कोनेक्संटच्या चिपांसाठी लिनक्संट कंपनी ड्रायव्हर द्यायची. फुकट आवृत्तीला १४.४ केबीपीएसची मर्यादा, पूर्ण वेग हवा तर परवाना विकत घ्या. ते एक वेळ ठीक. पण एप्रिल २००४ मध्ये या ड्रायव्हरच्या परवान्याच्या ओळीत एक गोष्ट सापडली. कर्नलला जोडलं जाणारं प्रत्येक मॉड्यूल आपला परवाना एका अक्षरमालेत जाहीर करतं. मॉड्यूल बंद असेल तर कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ असा शिक्का मारून घेतो, म्हणजे पुढे काही बिघडलं तर कर्नल दुरुस्त करणाऱ्यांना आधीच कळतं की इथे आपल्याला न दिसणारा कोड चालू होता. लिनक्संटच्या ओळीत ‘जीपीएल’ (मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना) ही तीन अक्षरं होती, त्यानंतर शून्य बाइट, आणि त्या पुढे लिहिलेलं होतं की हा परवाना फक्त जीपीएल नावाच्या फोल्डरमधल्या फाइलींना लागू आहे. सी भाषेत शून्य बाइट आला की अक्षरमाला संपली. कर्नलने ‘जीपीएल’ एवढंच वाचलं आणि शिक्का मारला नाही. त्याच त्या सूचना वारंवार दिसून ग्राहक गोंधळतात, म्हणून असं केलं, असा कंपनीचा खुलासा होता. मला तो खुलासा तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. कर्नल कोसळला तर त्याचं कारण शोधणाऱ्या माणसापासून मुख्य गोष्टच लपवली गेली होती.

त्याच सुमारास स्मार्टलिंकच्या मोडेममुळे एक बरा मार्ग निघाला. कोडेककडून येणारा आवाज आणायचं काम अल्सा या लिनक्सच्या ध्वनिप्रणालीच्या मुक्त ड्रायव्हरने घेतलं, आणि बंद गणित ‘एसएलमोडेमडी’ नावाच्या, कर्नलच्या बाहेर चालणाऱ्या एका प्रोग्राममध्ये गेलं. त्यातली मुख्य फाइल फक्त ३२ बिट इंटेलसाठी बनवलेली होती, म्हणून ६४ बिट यंत्रं आल्यावर जुळवाजुळव करावी लागे. पण तो प्रोग्राम पडला तर फक्त तोच पडायचा, त्याच्याबरोबर अख्खं यंत्र आडवं होत नसे. बंद कोड तितकाच बंद होता, बसला होता मात्र वेगळ्या जागी.

आणि आता ईएम७४५५. हा खरोखरचा मोडेम आहे. त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःचं फर्मवेअर. लॅपटॉपशी तो एमटू स्लॉटमधल्या (आतलं कार्ड बसवायच्या खाचेतल्या) यूएसबीच्या तारांवरून बोलतो, आणि एमबीआयएम या प्रसिद्ध केलेल्या प्रमाणित पद्धतीने बोलतो. ते बोलणं समजणारा ड्रायव्हर २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे. मोडेमच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमच्या क्यूएमआय या पद्धतीचा ड्रायव्हर त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, नॉर्वेच्या ब्यर्न मोर्क यांनी कर्नलमध्ये आणला. वरच्या थरातला मोडेम सांभाळणारा प्रोग्राम मोडेममॅनेजर, त्याला या दोन भाषा बोलायला मदत करणारे लिबक्यूएमआय आणि लिबएमबीआयएम, सगळं खुलं. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही, कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागत नाही.

म्हणून फर्मवेअर बंद आहे हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असूनही त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मोबाइल नेटवर्कशी बोलणारं फर्मवेअर मुक्त असलेला, आपल्या लॅपटॉपात बसेल असा मोडेम मला बाजारात दाखवा, मी उद्या घेतो. तोवर माझा प्रश्न एवढाच आहे की तो बंद भाग कुठे आहे. माझ्या कर्नलमध्ये बसून माझी सगळी मेमरी वाचू शकतो, की यूएसबीच्या पलीकडे बसून ठरलेल्या भाषेत निरोप पाठवतो? पलीकडे असेल तर मी त्याच्याकडे इंटरनेटवाल्याकडे बघतो तसं बघतो. विश्वास ठेवत नाही, जे पाठवायचं ते एन्क्रिप्ट करून पाठवतो, आणि येणारा-जाणारा प्रत्येक निरोप हवा तर नोंदीत पाहू शकतो. कर्नलच्या आत असेल तर यातलं काहीच करता येत नाही. २००४ आणि आज यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो आपोआप पडलेला नाही. कंपन्यांच्या मागे लागून, निरोपांचा अर्थ लावत लोकांनी तो पाडलाय. ‘आजही तेच’ म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

आता कुलूप. इथे तुमची काळजी योग्य आहे, माहिती मात्र अर्धी आहे.

अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाकडून लॅपटॉप आणि मोडेम या जोडीला मिळून मान्यता घेतली जाते, कारण अँटेना कुठे आहे आणि माणसाचं शरीर तिथून किती दूर आहे यावर रेडिओ किती जोरात चालवायचा हे ठरतं. कुणी तोच मोडेम भलत्याच यंत्रात बसवू नये म्हणून लेनोवो, डेल, एचपी यांच्या अनेक यंत्रांतले मोडेम रेडिओ बंद ठेवूनच जागे होतात. यंत्रातल्या सॉफ्टवेअरने ठरलेला निरोप पाठवला की उघडतात. विंडोजवर हा निरोप निर्मात्याचं सॉफ्टवेअर गुपचूप पाठवतं. तुम्ही म्हणता तसं तिथे ‘पाच मिनिटांत चालतं’ ते त्यामुळे. कुलूप तिथेही आहे आणि तिथेही रोज उघडलं जातं.

लिनक्सवर मोडेममॅनेजरही आधी हेच आपणहून करत असे. १.१८.४ या आवृत्तीपासून त्यांनी ते थांबवलं, कारण हा मोडेम याच लॅपटॉपसाठी मंजूर आहे की नाही हे त्यांच्या प्रोग्रामला कळायला मार्ग नाही. निर्णय यंत्राच्या मालकाने घ्यावा, असं ठरलं. त्यामुळे डेबियन ११ वरून १२ वर आलेल्या कित्येकांचा चालता मोडेम अचानक बंद पडला. एमएमसीएलआय या मोडेममॅनेजरच्या आज्ञेने चालू करायला जावं तर ‘इनव्हॅलिड ट्रान्झिशन’ एवढाच त्रुटिसंदेश, आणि स्थिती पाहिली तर पॉवरपुढे ‘लो’. सिम ठीक, ड्रायव्हर ठीक, फक्त रेडिओ उठत नाही. ज्याला कारण माहीत नाही तो यावरून साहजिकच म्हणणार की लिनक्सने घोळ घातला.

मी लेखात शिकवलं ते इतकंच: मोडेममॅनेजरच्याच पॅकेजबरोबर ‘एफसीसी-अनलॉक अव्हेलेबल’ फोल्डरमध्ये स्क्रिप्ट येतात, त्यांची नावं म्हणजे मोडेमचे ओळखक्रमांक. ईएम७४५५ चा क्रमांक ११९९:९०७९. त्या स्क्रिप्टचा दुवा इटीसी या सेटिंगच्या फोल्डरखालच्या मोडेममॅनेजरच्या फोल्डरमध्ये द्यायचा. स्क्रिप्ट उघडून बघा, दोन मिनिटांत वाचून होते. ‘सेट एफसीसी ऑथेंटिकेशन’ नावाचा एकच क्यूएमआय निरोप पाठवते, त्यात ना पासवर्ड ना गुप्त किल्ली. फर्मवेअरला हात लागत नाही. वीज जाऊन मोडेम पुन्हा जागा झाला की कुलूप पुन्हा लागलेलं असतं आणि मोडेममॅनेजर पुन्हा तीच स्क्रिप्ट चालवतो. याला मी कुलूप तोडणं म्हणणार नाही.

जबाबदारीचं म्हणाल, तर लेखातलं वाक्य पुन्हा ठळक करतो: जो मोडेम लॅपटॉपबरोबर कारखान्यातूनच आला, त्यासाठीच हे करा. लॅमिंग्टन रोडवरून सुटा मोडेम आणून भलत्याच मॉडेलमध्ये बसवणार असाल तर ही कृती तुमच्यासाठी नाही. सिमशिवाय विकलेल्या कित्येक यंत्रांच्या झाकणात अँटेनाच नसतो, तेव्हा रेडिओ चालू करून काही साधतही नाही. एफसीसीचा अधिकार अमेरिकेत चालतो, आपल्याकडे बिनतारी उपकरणांची मान्यता दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. अमेरिकेत राहून हे वाचणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र ‘मूळ जोडी’ची अट अक्षरशः पाळावी.

हॉटस्पॉटवर फार लिहीत नाही. फोनला रेंज आहे तिथे हॉटस्पॉट लावा, मीही लावतो. पण लॅपटॉपचे अँटेना पडद्याच्या कडेला बसवलेले आणि फोनपेक्षा मोठे असतात, आणि कोकणात डोंगराआडच्या घरात तो फरक चांगलाच जाणवतो. त्यासाठी मोडेम कोणत्या पट्ट्या ऐकतो हे आधी बघा, लेखात हे मी पुरेसं लिहिलं नव्हतं. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्‌झवर आहे, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. ईएम७४५५ ला ५ आणि ३ ऐकू येतात, ४० नाही. म्हणून शहरात त्याचा वेग फोनपेक्षा कमी वाटेल, पण लांबवर पोचणारी ८५० ची पट्टी तो नीट पकडतो. ४० हवा असेल तर आशियाई बाजारासाठी बनवलेला ईएम७४३० असलेलं यंत्र शोधा. एपीएन (नेटवर्कच्या इंटरनेट-जोडणीचं नाव) ‘जिओनेट’, आणि आयपीचा प्रकार व्ही४ व व्ही६ दोन्ही ठेवा.

राहिला तुमचा फिबोकॉम. मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. यंत्र नवं असेल तर बहुधा एफएम३५०-जीएल असेल, मीडियाटेकच्या चिपवरचा ५जी मोडेम. तो यूएसबीवर नाही, पीसीआय एक्स्प्रेसवर बसतो. माझ्या कृतीतल्या ‘एलएसयूएसबी’ (यूएसबीवरची उपकरणं दाखवणारी आज्ञा) या आज्ञेच्या यादीत तो दिसणारच नाही आणि मोडेमच नाही असं वाटेल. पीसीआयवरची उपकरणं दाखवणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ला क्रमांकांचा पर्याय देऊन चालवा आणि १४सी३:४डी७५ आहे का बघा. असेल तर कर्नल ५.१९ किंवा त्यापुढचा हवा, त्याचा ड्रायव्हर जुलै २०२२ च्या त्या आवृत्तीत आला.

पण त्याच्या कुलपाची गोष्ट ईएम७४५५ इतकी सरळ नाही, आणि इथे तुमच्या पहिल्या आक्षेपाला खरी धार येते. काही फिबोकॉम मोडेम आधी एक यादृच्छिक संख्या देतात आणि तिच्यावरून काढलेलं बरोबर उत्तर मागतात. लेनोवोने आपल्या काही यंत्रांसाठी लिनक्सवर कुलूप उघडणारी सेवा प्रसिद्ध केलीय, पण ती बंद बायनरी (कोड न दाखवता दिलेला तयार प्रोग्राम) आहे आणि रूटच्या, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालते. तिच्याबरोबर रेडिओच्या जोराच्या मर्यादा लावणारी फाइल आणि सेवाही येते. त्या मर्यादा लावायलाच हव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण त्या लावणारा कोड वाचता येऊ नये, याला कारण मला दिसत नाही. पलीकडे, मोडेमातच राहायला हवा असा बंद भाग इथे पुन्हा आपल्या बाजूला येऊन बसतो, आणि त्यावर तुम्ही टीका केलीत तर मी तुमच्या बाजूने आहे.

ती सेवा बसवायची की नाही हे तुमच्या यंत्रावर तुम्ही ठरवा. पण लॅपटॉप ऑफिसचा आहे, तेव्हा आधी तुमच्या आयटीवाल्यांची परवानगी घ्या. ‘एलएसपीसीआय’ची ओळ, कर्नलची आवृत्ती आणि मोडेममॅनेजरच्या नोंदीतल्या शेवटच्या काही ओळी इथेच खाली टाका. आयएमईआय आणि सिमचा क्रमांक मात्र खोडून टाका, त्या नोंदींत ते उघडे असतात.