देश घाबरवायचा आहे? अमेरिकेची शिकवणी लावा

निवडणूक तोंडावर आली आहे आणि लोकांपुढे ठेवण्यासारखं हाताशी काहीच नाही? मग लोकांना घाबरवा. मात्र घाबरवणं दिसतं तितकं सोपं नाही. भले भले त्यात तोंडावर आपटलेत. म्हणून ही विद्या अमेरिकेकडून शिका, तिथे ती पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली आहे.

पहिली अट, थोडा तरी धोका खरा हवा. निव्वळ बागुलबुवा फार दिवस टिकत नाही. या दृष्टीने १९१९ हे साल आदर्श. रशियात क्रांती झालेली, युद्धावरून परतलेले सैनिक कामधंदा शोधतायत, जिकडेतिकडे संप. एप्रिलमध्ये अराजकवाद्यांनी बड्या असामींच्या नावे टपालाने ३६ बॉम्ब धाडले. त्यातली १६ पार्सलं न्यूयॉर्कच्या टपाल कार्यालयातच पडून राहिली, कारण तिकिटं कमी लावली होती. (व्यवस्था उलथवायला निघालेल्यांनी पोस्टाच्या पैशांत काटकसर करू नये.) २ जूनला मात्र अॅटर्नी जनरल (म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख) मिचेल पामर यांच्या वॉशिंग्टनमधल्या घराच्या दारात स्फोट झाला. बॉम्ब आणणाराच त्यात मेला.

आता नीट लक्ष द्या. एखादा बावळट इथे बॉम्बवाल्यांचा माग काढत बसेल. तुम्ही तसलं काही करू नका! माग लागला तर मूठभर माणसं सापडतात, खटला उभा राहतो आणि भीतीचा बाजार उठतो. पामर यांनी चोर सोडून संन्याशांना धरलं, तेही घाऊक. डिसेंबरात परदेशातून आलेल्या, डाव्या विचारांच्या संशयावरून धरलेल्या २४९ जणांना ‘ब्यूफोर्ड’ जहाजात कोंबून रशियाच्या वाटेला लावलं. २ जानेवारी १९२० च्या रात्री तीसहून अधिक शहरांत धाडी पडल्या. डेट्रॉइटला सुमारे ८०० जण सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर, एकही खिडकी नसलेल्या बोळात दिवसचे दिवस कोंडून होते. सगळ्यांत मिळून शौचालय एक. धाडी इतक्या कसून घातल्या की सप्टेंबरात वॉल स्ट्रीटवर खराखुरा बॉम्ब फुटून ३८ माणसं गेली आणि त्याचे गुन्हेगार कोण, हे कधीच सिद्ध झालं नाही.

पण पामर यांनी एक घोडचूक केली. तारीख सांगितली. १ मे १९२० ला उठाव होणार, असा इशारा देऊन मोकळे झाले. शहराशहरांत पहारे बसले. १ मे उजाडला आणि काही न होता मावळला. वर्तमानपत्रांनी त्यांना धारेवर धरलं, हसंही झालं. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हवी होती, तीही हुकली. संकट नेहमी ‘लवकरच’ येत असावं. तिथी-मुहूर्त काढायचा नाही.

आणि काहीच घडलं नाही, तर? १९४२ मध्ये, जपानशी युद्ध पेटलेलं असताना, पश्चिम किनाऱ्यावरचे सेनापती जॉन डेविट यांनी यावर रामबाण तोडगा काढला. जपानी वंशाच्या लोकांनी अजून घातपात केलेला नाही, यावरूनच ते करणार हे पक्कं होतं, असा त्यांचा युक्तिवाद. याला तुम्ही काय उत्तर देणार? सुमारे १,२०,००० माणसं घरंदारं सोडून काटेरी कुंपणाआड गेली. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. सरकारने माफी मागितली ती १९८८ मध्ये. हिशेब मागायला कोणी येईपर्यंत तुम्ही कुठे असाल, याचा विचार करा आणि निश्चिंत व्हा.

आकडा मात्र जरूर द्या, फक्त तो एका जागी ठरू देऊ नका. फेब्रुवारी १९५० मध्ये अणुबॉम्बची गुपितं रशियाला फोडणारा क्लाउस फुक्स ब्रिटनमध्ये पकडला गेला (बघा, खरा धोका!) आणि आठवड्याभरात सिनेटर जोसेफ मॅकार्थी व्हीलिंग गावी म्हणाले, परराष्ट्र खात्यातल्या २०५ कम्युनिस्टांची यादी माझ्या हातात आहे. पुढे ते ५७ झाले, मग ८१. लोक ‘नक्की किती’ यावर वाद घालत बसले. मुळात आहेत का, हे विचारायची सवड कोणाला?

एकदा गाडी उताराला लागली की तुम्ही ढकलायचीही गरज नाही. इंडियानात व्यावसायिक पैलवानांनाही आखाड्यात उतरण्याआधी राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. क्रेमलिनने एखादा धोबीपछाड पेरून ठेवला असता तर! त्याच राज्याच्या पाठ्यपुस्तक आयोगावरच्या एक बाई म्हणाल्या, रॉबिनहुड शाळेत नको, तो श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटतो. सिनसिनाटीच्या ‘रेड्स’ या बेसबॉल संघाने तर नावातला (कम्युनिस्टांचाही असलेला) लाल रंग थेट पायांत ढकलला आणि ‘रेडलेग्ज’ म्हणवून घेतलं.

मॅकार्थींचं पुढे काय झालं, म्हणता? त्यांनी थेट लष्कराशी पंगा घेतला, तोही टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर. १९५४ च्या डिसेंबरात सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांचा निषेध केला. तीन वर्षांत माणूस गेला.

म्हणून मी तर सांगेन, भाषणबाजीच्या फंदात पडूच नका. पामर यांच्या हाताखाली चोवीस वर्षांचा एक पोरगा होता. आधी संसदेच्या ग्रंथालयात कामाला असलेला. संशयितांची कार्डं अक्षरानुसार लावून ठेवायची, हे त्याचं काम. पामर गेले, मॅकार्थी आले आणि तेही गेले. राष्ट्राध्यक्ष तर किती आले नि गेले. जे. एडगर हूवर १९२४ मध्ये तपास खात्याच्या (पुढच्या ‘एफबीआय’च्या) प्रमुखपदी बसला, तो १९७२ मध्ये मरेपर्यंत उठला नाही.