म्हणे डायोड काढा, वीज वाढवा!

सध्या रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'सोलर पॅनेलमागच्या काळ्या डबीतले डायोड कंपन्या मुद्दाम घालतात, ते वीज खातात. काढून तिथे तार जोडा, 20 टक्के वीज वाढेल. खाऱ्या हवेने डायोड आतून गंजतो. मीटरवर 0.6 आलं तर 60 टक्केच शिल्लक समजा.' देवगडच्या काकांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊनच फोन केला, "काढू काय रे?"

काका, हात लावू नका!

डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो, विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्वसारखा. डबीतले बायपास डायोड उन्हात बंदच असतात. त्यांतून नगण्य गळतीपलीकडे काही जात नाही, मग खाणार काय? त्यांचं काम सावलीत. 60 सेलच्या पॅनेलमध्ये बहुधा 20-20 चे तीन गट, प्रत्येकाला एक डायोड. माडाची झावळी दोन-चार सेलांवर आडवी आली की ते वीज करेनासे होतात, उलट बाकीच्यांचा प्रवाह त्यांच्यातून रेटला जाऊन तापतात. डायोड त्या गटाला बगल देऊन प्रवाह पुढे नेतो. नुसता काढलात तर सेल करपेल, मागचं प्लास्टिक तपकिरी पडून फुगेल, काचही तडकू शकेल. आणि तार जोडलीत तर तो गट कायमचा शॉर्ट, भर उन्हातही एक तृतीयांश पॅनेल मेलेलं. तिन्हीकडे जोडलीत की हाती शून्य. ही म्हणे 20 टक्के वाढ! पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी 61215 मध्ये, सावलीने तापणाऱ्या सेलची आणि बायपास डायोडची वेगवेगळी चाचणी दिलेली आहे. लबाडीने घुसडलेल्या वस्तूची परीक्षा कोण घेतं?

एवढं मात्र खरं की, जुन्या बॅटरीवाल्या सिस्टिममध्ये रात्री वीज उलटी पॅनेलकडे जाऊ नये म्हणून लायनीतच एक डायोड असे आणि तो साधारण 18 व्होल्टांतले 0.7 खायचा. आता ते काम बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर करतो.

0.6 चं वाचून तर कपाळावर हात मारला. अहो, ते व्होल्ट आहेत, टक्के नव्हेत! सिलिकॉनचा धडधाकट डायोड मल्टिमीटरवर (डायोड तपासायच्या खुणेवर) 0.5 ते 0.7 दाखवणारच. बायपासला बहुधा शॉटकी, म्हणजे कमी व्होल्ट खाणाऱ्या जातीचा डायोड असतो, तो 0.2-0.3 दाखवतो. म्हणजे यांच्या हिशेबाने नवाकोरा डायोड 20 टक्के! मेलेला डायोड दोन्ही बाजूंनी शून्याजवळ दाखवतो, नाहीतर दोन्हीकडून ओपन, म्हणजे आतून तुटलेला.

खारी हवा डायोडचे धातूचे पाय आणि जोड खाते, आतलं सिलिकॉन नाही. डबीचं सील फाटलं असेल तर तेवढं बघा.

डायोडला खरं मारतात उष्णता आणि आभाळातली वीज. परतीच्या पावसात जवळपास वीज कोसळली की उलट व्होल्टेज मर्यादेपलीकडे जातं, डायोड शॉर्ट होतो आणि पॅनेलचा व्होल्टेज जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. तसं दिसलं तर मेकॅनिकला बोलवा. स्वतः उन्हात चालू पॅनेलचा कनेक्टर खेचू नका, डीसीची ठिणगी एकदा धरली की लवकर विझत नाही.