'ब्रिटनने काहीच केलं नाही' वाल्या मेसेजबद्दल

ब्रिटनमधल्या ग्रूमिंग गँगवरचा (म्हणजे अल्पवयीन मुलींना नादी लावून त्यांचं लैंगिक शोषण करणाऱ्या टोळ्या) तो मेसेज परत फिरायला लागलाय. म्हणे सरकारने एकही चौकशी केली नाही, 84 टक्के गुन्हेगार पाकिस्तानी असल्याचं सिद्ध झालंय, आणि मस्कने ट्वीट केलं तेव्हा कुठे जगाला कळलं. मुलींवर जे झालं ते भयंकरच आहे, त्यावर वाद नाही, पण मेसेज चुकीचा आहे.

चौकशांचा तर नुसता ढीग आहे हो. 2014 ला प्राध्यापक ॲलेक्सिस जे यांचा इंग्लंडमधल्या रॉदरहॅम शहरातल्या अशा शोषणावरचा रिपोर्ट आला, 1997 ते 2013 मध्ये अंदाजे 1,400 मुलं बळी पडली असं त्यात आहे. मग बाललैंगिक शोषणावरची राष्ट्रीय चौकशी, वर्षानुवर्षं चालली आणि 2022 ला 20 शिफारशी देऊन संपली. 2025 ला खासदार लुईस केसी यांचं ऑडिट, म्हणजे सरकारने याच टोळ्यांवर करून घेतलेली देशभराची तपासणी. बोंब मारायची ती अंमलबजावणीच्या नावाने, कारण 'चौकशीच झाली नाही' म्हटलं की सरकार यादी दाखवून मोकळं होतं.

आता ते 84 टक्के. हा आकडा सरकारचा नाहीच, क्विलियम नावाच्या संस्थेच्या 2017 च्या रिपोर्टमधला आहे, मोजलेत फक्त 264 दोषी, आणि त्यात दक्षिण आशियाई म्हटलंय, म्हणजे तुम्ही-आम्हीपण त्यातच. उलट बाजूवाले होम ऑफिसचा (तिथल्या गृहखात्याचा) 2020 चा पेपर नाचवतात की बहुतेक गुन्हेगार गोरे. तेही टिकत नाही, कारण केसीबाईंनी स्पष्ट लिहिलंय की दोन तृतीयांश आरोपींच्या वंशाची नोंदच नाही, मग देशाचा टक्का काढणार कुठून? मात्र ग्रेटर मँचेस्टर, साउथ यॉर्कशायर, वेस्ट यॉर्कशायर या तीन पोलिस दलांच्या नोंदीत आशियाई वंशाचे पुरुष लोकसंख्येच्या मानाने जास्त दिसतात, हेही त्याच ऑडिटमध्ये आहे आणि ते लपवायचं कारण नाही. रॉदरहॅमच्या जुन्या दप्तरात एका फाइलमधला 'पाकिस्तानी' हा शब्द चक्क व्हाइटनर लावून खोडलेला केसींना सापडला. ज्याने कोणी तो लावला त्यानेच आज या फॉरवर्डवाल्यांना रान मोकळं करून दिलंय.

मस्कच्या जानेवारी 2025 च्या ट्वीटने राजकारण हललं हे खरं. पण लंडनच्या 'द टाइम्स'चे पत्रकार अँड्र्यू नॉरफोक 2011 पासून छापत होते, आणि रॉचडेल या शहरातल्या अशाच टोळीची बंद पडलेली केस पुन्हा उघडायला लावणारे सरकारी वकील नझीर अफझल, 2012 ला त्यात नऊ जण दोषी ठरले. अफझल पाकिस्तानी वंशाचे, हे त्या मेसेजमध्ये कसं येणार!

आणि जे मेसेजमध्ये हवं ते नाहीच. 13 ते 15 वर्षांच्या मुली, 'तिचं प्रेम होतं', 'ती राजी होती' म्हणत बलात्काराच्या केसेस सोडल्या किंवा हलकी कलमं लावली, काही मुलींनाच वेश्याव्यवसायाच्या कलमाखाली दोषी ठरवलं. केसींच्या सगळ्या 12 शिफारशी सरकारने मान्य केल्यात: 16 खालच्या मुलीशी मोठ्या माणसाने संभोग केला तर थेट बलात्काराचं कलम, त्या मुलींच्या शिक्षांचा फेरविचार, नवी राष्ट्रीय चौकशी. पण त्या चौकशीला अध्यक्ष मिळायला डिसेंबर 2025 उजाडला, आधीचे उमेदवार माघारी गेले, पीडितांच्या पॅनेलमधून काही जणी वैतागून बाहेर पडल्या. शिव्या घालायच्यात ना सरकारला, मग इथे घाला.